हिंगोली की कळमनुरी? : 'युनिकोड चालते' या शिक्क्याची तपासणी

एका लहानशा कोड्याने सुरुवात करू. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे तालुके पाच : हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ. या जिल्ह्यातील एका शाळेत आम्हांला विद्यार्थ्यांची एक यादी पाहायला मिळाली. यादी संगणकात मराठीतच भरलेली होती. एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेल्यावर ती पुन्हा छापली, तेव्हा तालुक्याच्या रकान्यात नावांऐवजी नुसती प्रश्नचिन्हे उमटली. कुठे चार, कुठे सहा, कुठे सात.

गुरुजी हुशार होते. त्यांनी उलगडा करायला सुरुवात केली. चार प्रश्नचिन्हे म्हणजे वसमत. सहा म्हणजे सेनगाव. चार, मग मोकळी जागा, मग सहा, म्हणजे औंढा नागनाथ. पण सात आली की ते अडत. 'हिंगोली' लिहायलाही सात चिन्हे लागतात आणि 'कळमनुरी' लिहायलाही सातच. मुलगा कोणत्या तालुक्याचा हे यादीवरून सांगता येईना. तालुक्याचे एक वेळ ठीक. शेजारच्या रकान्यात मुलांची आणि त्यांच्या आईवडिलांची नावे होती, तीही अशीच. प्रणाली पुरवणाऱ्याचे उत्तर ठरलेले होते : "आमच्या ड्रायव्हरमध्ये युनिकोड चालते."

या एका वाक्याची तपासणी करण्यासाठी हा लेख आहे. वाक्य खोटे नाही, पण ते अपुरे आहे, आणि अपुरेपणाची किंमत मराठीला इंग्रजीपेक्षा किती तरी जास्त मोजावी लागते, असे आमचे म्हणणे आहे.

अक्षर, क्रमांक आणि बाइट

प्रथम एक गैरसमज दूर करू. 'युनिकोड फाँट वापरा' असे आपण सर्रास म्हणतो, आणि युनिकोड म्हणजे १६ बिटांची पद्धत असेही अनेक ठिकाणी शिकवले जाते. दोन्ही विधाने चुकीची आहेत. युनिकोड ही क्रमांकांची यादी आहे. जगातील लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला तिने एक क्रमांक दिला आहे. देवनागरीच्या वाट्याला २३०४ ते २४३१ हे १२८ क्रमांक आले आहेत. ह म्हणजे २३६१, ग म्हणजे २३२७, ळ म्हणजे २३५५. मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार यांनाही स्वतंत्र क्रमांक आहेत. म्हणून 'हिंगोली' हा शब्द कानाला तीन अक्षरांचा वाटला, तरी संगणकाला तो सात क्रमांकांचा असतो : ह, वेलांटी, अनुस्वार, ग, ओकार, ल, वेलांटी.

हे क्रमांक साठवायचे कसे, हा त्यानंतरचा वेगळा प्रश्न आहे. त्याची एकाहून अधिक उत्तरे आहेत. यूटीएफ-१६ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात. यूटीएफ-८ या पद्धतीत तीन लागतात. ही दुसरी पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखली. अक्षर पडद्यावर कसे दिसावे, हे तिसरे काम. ते फाँटचे.

यूटीएफ-८ चे गणित फळ्यावर सहज करता येते. ळ चा क्रमांक २३५५ घ्या. त्याला ६४ ने भागा. भागाकार ३६, बाकी ५१. भागाकाराला पुन्हा ६४ ने भागा. भागाकार शून्य, बाकी ३६. आता शेवटच्या भागाकारात २२४ आणि दोन्ही बाक्यांत प्रत्येकी १२८ मिळवा. २२४, १६४, १७९ हे ळ चे तीन बाइट झाले. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावाचे नाव असे करून पाहावे. संगणक नसलेल्या वर्गातही हा प्रयोग होतो.

मधला हमाल

माहिती साठवणारी प्रणाली, म्हणजे डेटाबेस, एकीकडे असते आणि तिच्याशी बोलणारा प्रोग्रॅम दुसरीकडे. दोघांमधली ने-आण करणारा दुवा म्हणजे ड्रायव्हर. ओडीबीसी आणि जेडीबीसी ही अशा दुव्यांची दोन प्रसिद्ध मानके. पूर्वी पूर्णा जंक्शनला एक मार्ग ब्रॉडगेज आणि हिंगोली-वाशीमवरून अकोल्याकडे जाणारा मार्ग मीटरगेज होता. गाडी थेट पुढे जात नसे. माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. ड्रायव्हरचे काम नेमके हेच. एका बाजूला यूटीएफ-१६ चे डबे, दुसऱ्या बाजूला यूटीएफ-८ चे. माल न सांडता हलवायचा.

आता पाहा, ओडीबीसीत ने-आणीचे दोन मार्ग आहेत. जुना मार्ग एका बाइटाच्या अक्षरांसाठी होता. त्याला 'ॲन्सी' म्हणतात. ३.५ या आवृत्तीत युनिकोडसाठी दुसरा मार्ग आला. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या दोन्ही डेटाबेसच्या ओडीबीसी ड्रायव्हरचे आजही दोन प्रकार मिळतात, एकाच्या नावात 'ॲन्सी' आणि दुसऱ्याच्या नावात 'युनिकोड'. संच बसवणारा घाईने पहिला निवडतो. मग काय होते?

फ्रेंच किंवा जर्मन माणसाचे बहुधा काही बिघडत नाही, कारण त्यांच्या अक्षरांसाठी विंडोजमध्ये एका बाइटाचे जुने कोष्टक आहे. देवनागरीसाठी असे ॲन्सी कोष्टक विंडोजमध्ये नाही. विंडोज २००० मध्ये मराठी-हिंदी आली ती थेट युनिकोडच्या दाराने. दुसरे दार तिला कधी नव्हतेच. म्हणजे इतरांसाठी ॲन्सी मार्ग अरुंद आहे, आपल्यासाठी तो बंद आहे. बंद मार्गावर ह आला की ड्रायव्हर त्याच्या जागी ६३ हा क्रमांक ठेवतो. ६३ म्हणजे प्रश्नचिन्ह. अनुस्वार आला, ६३. ळ आला, ६३. हिंगोली म्हणजे सात वेळा ६३, आणि कळमनुरी म्हणजेही सात वेळा ६३.

हेच एसक्यूएल सर्व्हरमध्ये दुसऱ्या वाटेने घडते. तिथे मजकुराच्या अवतरणचिन्हापूर्वी 'एन' हे रोमन अक्षर लिहायचे राहिले, तर तो मजकूर आधी डेटाबेसच्या जुन्या कोष्टकातून जातो. ते कोष्टक एका बाइटाचे असेल, तर रकाना युनिकोडचा असूनही आत प्रश्नचिन्हे पडतात. एक अक्षर विसरल्याची ही शिक्षा फार मोठी आहे. (२०१९ च्या आवृत्तीपासून तिथे यूटीएफ-८ ची निवड उपलब्ध आहे, ती केली तर ही अडचण टळते.)

आमचा पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप इथे आहे. अडलेला हमाल ओरडत नाही. माल फेकून देतो, रिकामी पोती मोजून पलीकडे ठेवतो आणि 'काम पूर्ण झाले' असे कळवतो. चुकीची तारीख भरली तर प्रणाली हटकते. नाव पुसले गेले तर हटकत नाही. शिक्षक यादी सुरक्षित आहे असे समजून मूळ कागद गठ्ठ्यात बांधतात. चूक कळते तेव्हा दाखल्याची वेळ आलेली असते.

जुन्या फाँटांनी घातलेली भूल

मग पूर्वी मराठी कशी चालत होती, असा प्रश्न कोणीही विचारील. पूर्वी ती चालत नव्हती, नुसती दिसत होती. कृतिदेवसारख्या फाँटात रोमन 'डी' च्या जागी क चे चित्र बसवलेले असे. 'हिंगोली' टंकलिखित केले की संगणकात एफ, जी, ए, एक्स, के, एस, वाय, एच ही आठ रोमन अक्षरे साठत. ड्रायव्हरला हा इंग्रजी मजकूरच वाटे, म्हणून तो कुठेही न अडखळता पलीकडे जाई. फाँट बदलला की अर्थ नाहीसा होई, अकारविल्हे लावता येत नसे, शोध घेता येत नसे. पण प्रश्नचिन्हे मात्र कधी येत नसत.

यातून एक विचित्र समज रूढ झाला. युनिकोडकडे वळल्यावर लोकांना प्रश्नचिन्हे प्रथमच दिसली आणि दोष युनिकोडला मिळाला. काही कार्यालयांत 'जुनेच बरे होते' असे अजूनही ऐकू येते. खरे तर जुन्या पद्धतीत मराठी इंग्रजीचा वेश घालून प्रवास करीत होती. स्वतःच्या वेशात निघाली तेव्हा कुठे मार्ग अरुंद असल्याचे उघड झाले.

लक्षणांवरून निदान

बिघाड कोणता आहे हे दिसण्यावरून बरेच ओळखता येते. शिक्षकांनी हे लक्षात ठेवावे, कारण उपाय त्यावर अवलंबून आहे.

नावाच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर बहुधा फाँट नाही. माहिती सुरक्षित आहे. फाँट बसवला की काम झाले.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' पुन्हा पुन्हा दिसू लागला तर यूटीएफ-८ चे बाइट कोणीतरी युरोपीय कोष्टकाने वाचले आहेत. ळ चे तीन बाइट आपण वर काढले. त्यातला पहिला २२४ म्हणजे त्या कोष्टकात हा रेघ असलेला 'ए'. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ च असतो, म्हणून तोच तो दिसत राहतो. बाइट शाबूत असतील तर जाणकार माणूस मजकूर परत मिळवू शकतो.

अचानक चिनी अक्षरे उगवली तर यूटीएफ-१६ च्या दोन बाइटांचा क्रम उलटला असण्याचा संभव आहे. ह चा क्रमांक २३६१ म्हणजे ९ आणि ५७ असे दोन बाइट. ते उलट वाचले तर १४६०१ हा क्रमांक होतो, आणि तो एका चिनी अक्षराचा आहे. हाही बिघाड दुरुस्त होतो.

प्रश्नचिन्हे दिसली तर आधी मूळ डेटाबेस तपासावा. बिघाड फक्त वाचताना झाला असेल तर मूळ नावे अजून शिल्लक असतील. पण प्रश्नचिन्हेच साठवली गेली असतील, तर त्यांतून नाव परत काढण्याचा कोणताही मार्ग नाही. कागदाकडे परत जावे लागते.

एक, दोन, तीन, चार

आता ड्रायव्हर युनिकोडचा आहे, निवडही योग्य झाली आहे, असे धरू. तरीही शिक्का पुरेसा आहे का? मराठवाड्यातील कागदपत्रे याची फार चांगली परीक्षा घेतात.

हिंगोलीचा हा भाग पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथल्या जुन्या दप्तरांत उर्दू आहे, मोडी आहे, देवनागरी आहे आणि अर्थातच आजची इंग्रजीही आहे. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, उर्दूच्या अक्षराला दोन, देवनागरीच्या तीन आणि मोडीच्या चार. एकाच जिल्ह्याच्या दप्तरखान्यात यूटीएफ-८ च्या चारही पायऱ्या हजर आहेत!

मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली, ७.० या आवृत्तीत. तिचा विभाग ७११६८ या क्रमांकापासून सुरू होतो. दोन बाइटांत जास्तीत जास्त ६५५३५ हा आकडा मावतो. म्हणजे 'युनिकोड म्हणजे १६ बिट' असे मानून लिहिलेल्या प्रत्येक प्रणालीच्या दृष्टीने मोडी कुंपणाबाहेर आहे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा १६ बिट पुरतील असेच कर्त्यांना वाटत होते. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी ही मर्यादा ओलांडली. पण जुन्या गृहीतावर उभी राहिलेली घरे तशीच राहिली.

मायएसक्यूएलचे उदाहरण बोलके आहे. तिथे 'यूटीएफ-८' असे नाव दिलेली जी निवड होती, तिच्यात एका चिन्हाला तीनच बाइटांची जागा होती. देवनागरीला तीन लागतात, म्हणून आपले काम निभावले. मोडीचे पहिले अक्षर आले की प्रणाली एक तर नोंद नाकारी किंवा, नियम सैल ठेवले असतील तर, तिथून पुढचा मजकूर छाटून टाकी. चार बाइटांची खरी सोय २०१० मध्ये 'यूटीएफ-८-एमबी-४' या नावाने आली, आणि आपोआप तीच निवडली जाईल अशी व्यवस्था २०१८ च्या ८.० आवृत्तीत झाली. मधल्या काळात उभारलेल्या प्रणाली अजून वापरात असू शकतात. ज्या वस्तूत तीन बाइटच मावतात तिला चार बाइटांच्या वस्तूचे नाव देणे, यावर आमचा दुसरा आक्षेप आहे. मापात कमी माल भरून पूर्ण मापाची चिठ्ठी लावण्यासारखेच हे आहे.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. २०२३ साली मराठवाड्यातील जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मोडी व उर्दू दप्तरे पुन्हा उघडली गेली. त्या वादात आम्ही इथे शिरत नाही. पण एखादे नाव मोडीत कसे लिहिले आहे यावर माणसांचे काही अवलंबून असते, एवढे त्यातून दिसते. अशा नोंदी उद्या मोडीतच संगणकात भरायच्या झाल्या, तर चौथ्या बाइटाची जागा आहे की नाही हे आधी पाहिले पाहिजे.

रकान्याची रुंदी

तिसरा आक्षेप मोजण्याच्या रीतीवर आहे. रकाना '२० चा' आहे असे म्हटले तर २० काय? चिन्हे की बाइट? मायएसक्यूएलमध्ये चिन्हे मोजतात. ओरॅकलमध्ये वेगळे सांगितले नाही तर बाइट मोजतात. इंग्रजीत दोन्ही एकच, म्हणून इंग्रजीत काम करणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. मराठीत 'हिंगोली' सात चिन्हांचे आणि एकवीस बाइटांचे. वीस बाइटांच्या रकान्यात आपल्या जिल्ह्याचे नाव मावत नाही! 'औंढा नागनाथ' ला मोकळ्या जागेसह ३१ बाइट लागतात. काही प्रणाली नोंद नाकारतात, ते बरे. पण एखाद्या प्रोग्रॅमने विसाव्या बाइटावर कात्री चालवली, तर शेवटच्या वेलांटीचे दोन तुकडे आत आणि एक बाहेर राहतो.

श्रेय कोणाला, दोष कोणाचा

टीका एकांगी होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली 'इस्की' हे मानक प्रसिद्ध केले. त्यात भारतीय लिप्यांतील समान ध्वनींना समान स्थान देण्याची कल्पना होती, आणि युनिकोडने इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून हीच मांडणी उचलली. याचे एक सुंदर उदाहरण हिंगोली जिल्ह्याला जवळचे आहे. नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, आणि नामदेवांची पदे गुरुमुखी लिपीत गुरु ग्रंथ साहिबात आहेत. 'नामदेव' या शब्दाच्या सहाही क्रमांकांत २५६ मिळवा. तोच शब्द गुरुमुखीत तयार होतो. एवढी सोय ज्या व्यवस्थेने दिली, तिला नावे ठेवून चालणार नाही.

काही दोष ड्रायव्हरचे नाहीत, हेही खरे. 'ॲड.' मधले पहिले अक्षर २४१८ या एका क्रमांकाने लिहिता येते, किंवा अ (२३०९) आणि वरचा चंद्र (२३७३) असे दोन क्रमांक जोडूनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण संगणक त्यांना वेगळे शब्द समजतो. 'दुसऱ्या' मधला अर्धा र तर तीन प्रकारे लिहिता येतो. तसेच आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, युनिकोडच्या क्रमांकांत तो ल च्या पाठोपाठ आहे. म्हणून अकारविल्हेचे नियम वेगळे द्यावे लागतात. हे प्रश्न लिपीच्या आणि मानकांच्या पातळीवर सोडवायचे आहेत. ड्रायव्हरकडून एकच अपेक्षा आहे : दिलेले क्रमांक जसेच्या तसे पोहोचवावेत.

शिक्का नको, परीक्षा हवी

तेव्हा 'युनिकोड चालते का?' हा प्रश्न विचारणे सोडून द्यावे. त्याचे उत्तर नेहमी 'हो' येते. त्याऐवजी पुढील परीक्षा घ्यावी. 'कळमनुरी', 'औंढा नागनाथ', 'दुसऱ्या' आणि 'ॲड.' हे शब्द, एक उर्दू अक्षर आणि एक मोडी अक्षर नव्या प्रणालीत भरावे. ते साठवावे, दुसऱ्या संगणकावर काढावे, मग पुन्हा पहिल्या संगणकावर आणावे. दिसण्यावर विसंबू नये. प्रत्येक चिन्हाचा क्रमांक आधीच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. सर्व क्रमांक जुळले तरच यादी भरायला घ्यावी. आणि पहिली खेप पोहोचल्याची खात्री होईपर्यंत कागद बांधून ठेवू नयेत.

ही परीक्षा घ्यायला तासभरही लागत नाही. अकरावी-बारावीचे विद्यार्थी ती घेऊ शकतील आणि घेता घेता लिपी, गणित व संगणक यांचा संबंधही शिकतील.

शाळेच्या नोंदवहीत नाव एकदा लिहिले की ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, पुढे प्रमाणपत्रांवर आणि नोकरीच्या कागदांवर माणसाबरोबर चालत राहते. नावातील एका वेलांटीसाठी लोक कार्यालयांचे उंबरठे झिजवतात, हे शिक्षकांना सांगायला नको. सात प्रश्नचिन्हे घेऊन आलेल्या मुलाने कोणता उंबरठा झिजवायचा?